मर्जीची नोकरी आणि कोर्टाची पायरी



ज्या कामगार-वकिलांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं इथे पुढच्या रांगेत बसली आहेत. मी त्यांचा विषय घेतला आहे, पण मुलूख दूरचा निवडला आहे. मालकाने कारण न देता काढून टाकलं, तर त्याच्यावर दावा लावणं परवडतं का, हा विषय. आणि मुलूख अमेरिकेचा, कारण हा प्रश्न तिथे जितका उघडावाघडा दिसतो तितका आपल्याकडे दिसत नाही. शिवाय या सभागृहातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आज तिकडे नोकरीला आहे. ते नक्की कोणत्या अटीवर नोकरीला आहे, हे इथल्या आईवडिलांना सहसा ठाऊक नसतं. पुष्कळदा त्यालाही नसतं.

त्या अटीचं नाव अ‍ॅट-विल. मर्जीची नोकरी. मालकाची मर्जी असेल तोवर काम. कागदावर नोकराचीही मर्जी असेल तोवरच. दोघांपैकी कुणीही, केव्हाही, कारण न सांगता, नोटीस न देता मोकळं व्हावं. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी व्हिडिओ कॉलचं बोलावणं येतं. मॅनेजरच्या शेजारच्या चौकोनात एचआरची एक अनोळखी बाई दिसते. दहा मिनिटांत बोलणं आटोपतं आणि कॉल संपेपर्यंत कंपनीचा लॅपटॉप पासवर्ड घेईनासा झालेला असतो. आपण याला नारळ देणं म्हणतो. तिथला कायदा नारळसुद्धा द्यायला लावत नाही; तो दिला तर का दिला जातो, ते पुढे सांगेन.

हा नियम अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. तिथल्या काँग्रेसने तसा कायदाही कधी केला नाही. 1877 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे एक वकील, होरेस ग्रे वुड, यांनी मालक-नोकर संबंधांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ठोकून दिलं की मुदत न बोलता धरलेली नोकरी ही मर्जीची नोकरी समजायची. जुन्या इंग्लिश रिवाजात नेमकं उलटं होतं. मुदत ठरली नसेल तर ती वर्षाची धरत, म्हणजे सुगीत राबवून घेतलेल्या गड्याला हिवाळ्यात हाकलता येऊ नये. आपला सालगडी पाडव्याला ठरतो तो याच हिशेबाने. वुडसाहेबांनी आपल्या नियमाच्या पुष्ट्यर्थ चार निकाल दिले होते. पुढे अभ्यासकांनी ते उघडून पाहिले, तेव्हा अनेकांना त्यांतून असा नियम निघताना दिसला नाही. पण रेल्वे आणि गिरण्यांच्या त्या काळाला नियम सोयीचा होता, आणि सोयीच्या नियमाचं कूळ कुणी विचारत नाही.

1884 साली टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. हा खटला मला फार आवडतो, कारण तो नोकराचा नव्हताच. चॅटानुगा गावात पेन नावाचा दुकानदार होता. तिथल्या रेल्वे कंपनीने आपल्या माणसांना बजावलं की याच्या दुकानात जो सामान घेईल त्याला कामावरून काढू. गिऱ्हाईक तुटलं म्हणून दुकानदार कोर्टात गेला आणि हरला. न्यायालय म्हणालं, मालक आपल्या नोकराला चांगल्या कारणासाठी काढो, विनाकारण काढो, अगदी नीतीला न शोभणाऱ्या कारणासाठी काढो, त्यात कायद्याचं काही मोडत नाही. नोकराने मीठमिरची कुठून घ्यावी हेही मग मालकच ठरवणार.

आज 50 पैकी 49 राज्यांत मूळ नियम हाच आहे. मोंटाना हे एकटं राज्य वेगळं. तिथे 1987 च्या कायद्याने उमेदवारीचा काळ संपल्यावर काढायला सबळ कारण लागतं. हा कायदा कामगारांनी मोर्चे काढून मिळवला असं कुणाला वाटेल. तसं नाही. ज्युरी मोठमोठ्या भरपाया देऊ लागल्या म्हणून मालक आणि विमा कंपन्यांनाच तो हवा होता. कारण मागण्याचा हक्क दिला आणि भरपाईला चार वर्षांच्या पगाराची मर्यादा घातली. त्या चार वर्षांत माणसाने दुसरीकडे जे कमावलं, किंवा प्रयत्न करून कमावता आलं असतं, तेही त्यातून वजा.

बाकी 49 राज्यांत या भिंतीला भगदाडं पडली, पण एकेक करून. 1935 च्या कायद्याने संघटना करतो म्हणून काढता येईना. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश या कारणांनी काढणं बंद झालं. 1967 साली चाळिशी ओलांडलेल्यांना वयाचं संरक्षण मिळालं, 1990 साली अपंगांना, 1993 साली आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या रजेला. न्यायालयांनीही थोडी भर घातली. 1959 सालचा कॅलिफोर्नियातला पीटरमन यांचा खटला घ्या. विधिमंडळाच्या समितीपुढे खोटी साक्ष दे, असं त्यांना मालकाने सांगितलं. त्यांनी खरं सांगितलं आणि त्यांची नोकरी गेली. न्यायालय म्हणालं, मर्जीची नोकरी असली म्हणून खोटी शपथ घ्यायला लावता येणार नाही. गंमत अशी की तो मालक म्हणजे ट्रकचालकांची कामगार संघटनाच होती. मालकपणा कुणाच्याही अंगात येऊ शकतो.

तर कायद्याचं आजचं चित्र असं आहे. विनाकारण काढलं तर चालतं. काही ठरावीक कारणांनी काढलं तर चालत नाही. मॅनेजरला तुमचा चेहरा आवडत नाही, तुम्ही त्याची चूक सगळ्यांसमोर दाखवली, त्याच्या मेव्हण्याला ती खुर्ची हवी आहे, ही सगळी कारणं कायदेशीर. अन्याय झाला का, हा प्रश्न तिथलं कोर्ट विचारतच नाही. यादीतला अन्याय झाला का, एवढंच विचारतं. दावा लावायला निघालेल्या माणसाची पहिली ठेच इथे लागते. तो आपली कहाणी घेऊन वकिलाकडे जातो, कहाणी खरी असते, वकील शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, तुमच्यावर अन्याय झाला हे कबूल, पण दावा होत नाही.

आणि समजा कहाणी यादीत बसली. मग सिद्ध काय करायचं? मॅनेजरच्या मनात काय होतं ते. 1973 साली मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची पायरी-पायरीची पद्धत घालून दिली. नोकराने प्रथमदर्शनी संशय दाखवावा. मालकाने एखादं रीतसर कारण पुढे करावं. मग ते कारण म्हणजे निव्वळ बहाणा आहे हे नोकराने दाखवावं. मालकाकडे कारणांचा तुटवडा कधी नसतो. मोठ्या कंपन्यांत काढण्याआधी काही आठवडे ‘कामगिरी सुधार आराखडा’ नावाचा कागद हातात देतात. त्यात सुधारणेची उद्दिष्टं असतात. हा कागद किती वेळा खरोखर सुधारणेसाठी असतो आणि किती वेळा पुढच्या खटल्यातला पुरावा म्हणून, हे तुम्हीच ओळखा.

आता हिशेब. आपण ज्याला ‘पदरात काय पडलं’ म्हणतो तो.

एलेन बेरी, रॉबर्ट नेल्सन आणि लॉरा बेथ नील्सन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांतले 1988 ते 2003 या काळातले नोकरीतल्या भेदभावाचे दावे तपासले. शंभर दावे धरले तर त्यांतले 58 च्या आसपास तडजोडीत मिटले. 19 न्यायालयाने फेटाळले. आणखी 18 साक्षीपुराव्याच्या सुनावणीपर्यंत न जाताच मालकाच्या बाजूने निकाली निघाले. प्रत्यक्ष सुनावणीला उभे राहिले सहाच्या आसपास, आणि त्यांतल्या दोनेक दाव्यांत नोकर जिंकला. म्हणजे वर्तमानपत्रात फोटोसह येतात ती लाखो डॉलरची निकालपत्रं या शंभरातल्या दोघांची. तडजोडीत मिळालेल्या रकमा लहानमोठ्या क्रमाने लावल्या तर मधली रक्कम 30,000 डॉलर.

या 30,000 चं पुढे काय होतं? तिथले कामगारांचे वकील बहुधा रकमेतल्या हिश्श्यावर काम करतात; हिस्सा एक तृतीयांश ते 40 टक्के. नोकराकडे आगाऊ फी द्यायला पैसे नसतात, म्हणून ही पद्धत. राहिले 20,000 किंवा त्याहून कमी. त्यातून साक्षी नोंदवणाऱ्या लघुलेखकाचे, कागदपत्रांच्या प्रतींचे, तज्ज्ञाचे पैसे गेले. उरलं त्यावर प्राप्तिकर. 1996 पासून मनस्तापाच्या भरपाईवरही कर लागतो, शारीरिक इजा नसेल तर. 2004 पर्यंत तर वकिलाच्या खिशात गेलेल्या रकमेवरचा करही पुष्कळदा वादीच्या माथी बसत असे. त्या साली भेदभावाच्या दाव्यांपुरती कायद्यात दुरुस्ती झाली. कारकुनाच्या नोकरीतल्या माणसाला यातून काही महिन्यांचा पगार सुटतो. संगणक अभियंत्याला एकदोन महिन्यांचा.

जिंकलात तरी छत आहेच. 1991 च्या कायद्याने ज्युरी दिली आणि त्याच हाताने मर्यादाही घातली. मनस्तापाची भरपाई आणि दंडात्मक भरपाई मिळून, पंधरा ते शंभर माणसांच्या कंपनीत 50,000 डॉलर. पाचशेहून जास्त माणसांची कितीही अवाढव्य कंपनी असली तरी 3,00,000. तेव्हापासून डॉलर घसरत गेला, हे आकडे जागचे हलले नाहीत. बुडालेला पगार या मर्यादेबाहेर मिळतो खरा, पण त्याचीही एक मेख आहे. काढलेल्या माणसाने घरी बसून चालत नाही. त्याने मनापासून दुसरी नोकरी शोधली पाहिजे, शोधल्याचा पुरावा ठेवला पाहिजे, आणि मिळाली तर तिथला पगार मूळ नुकसानीतून वजा होतो. म्हणजे माणूस जितका कर्तबगार, तितका त्याचा दावा स्वस्त. दुसऱ्या टोकाला, ज्याचा पगारच तुटपुंजा त्याचं नुकसानही तुटपुंजं, त्यात वकिलाचा हिस्सा तो काय? तो प्रकरण घेत नाही. मघाच्या अभ्यासात जवळजवळ पाचातला एक वादी विनावकील लढत होता, आणि त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

पैशाखेरीजची किंमत मी थोडी जवळून दाखवतो. तिथे सुनावणीआधी दोन्ही बाजू एकमेकांची दप्तरं उघडतात. वादीला कंपनीच्या वकिलापुढे शपथेवर बसवतात. नियमाप्रमाणे एका दिवसात सात तासांपर्यंत. मनस्तापाची भरपाई मागितली असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडच्या नोंदी मागवतात. आधीच्या नोकऱ्या का सुटल्या, नवराबायकोत काही ताण होता का, तुमच्या फेसबुकवर त्या महिन्यात सहलीचे हसरे फोटो कसे? नॅशव्हिलच्या एका वर्तमानपत्रातून 62 व्या वर्षी काढलेल्या क्रिस्टीन मॅकेनन यांनी अशाच जबानीत सांगून टाकलं की नोकरी जाईल या भीतीने मी काही गोपनीय कागदांच्या प्रती घरी नेल्या होत्या. झालं! कंपनी म्हणाली, हे आधी कळलं असतं तर आम्ही त्याच कारणाने काढलं असतं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा जिवंत ठेवला, पण अशा वेळी नोकरी परत मिळणार नाही आणि बुडालेला पगारही सर्वसाधारणपणे ती चूक उघडकीला आल्याच्या दिवसापर्यंतचाच, असं ठरवलं. आपल्या बचावासाठी केलेला कागदांचा साठा आपल्याच अंगाशी येऊ शकतो.

आणि हे सगळं कोर्टाचा दरवाजा उघडा असेल तर. आज खासगी क्षेत्रातल्या कोट्यवधी नोकरांच्या करारात लवादाचं कलम असतं: भांडण कोर्टात न्यायचं नाही, ज्युरी नाही, सगळ्यांनी मिळून दावा करायचा नाही. 2018 साली एपिक सिस्टिम्स या विस्कॉन्सिनच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशा कलमांना मान्यता दिली. त्या कंपनीने ते कलम ई-मेलने पाठवलं होतं आणि कामावर येत राहणं हीच मान्यता धरली होती. 2022 पासून लैंगिक छळाच्या तक्रारींना यातून सूट आहे. बाकीच्यांना नाही.

इतकं ऐकल्यावर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली म्हण अमेरिकेलाही लागू आहे असं वाटेल. मला ती म्हण फारशी आवडत नाही. ती बहुधा ज्यांचं कोर्टाबाहेर भागतं त्यांनी प्रचारात आणली असावी. म्हणून एका बाईची गोष्ट सविस्तर सांगतो.

लिली लेडबेटर अलाबामातल्या गॅड्सडेनच्या गुडइयर टायर कारखान्यात 1979 साली लागल्या. पुढे तिथे विभागाच्या व्यवस्थापक झाल्या, रात्रपाळ्या केल्या. त्या कंपनीत पगाराची चर्चा करायची मनाई. 1998 मध्ये एका रात्री पाळीवर आल्यावर त्यांना आपल्या टपालाच्या खणात एक चिठ्ठी मिळाली, निनावी. तीवर चार नावं आणि चार पगार. एक त्यांचा स्वतःचा, तीन त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचे. पुढे कोर्टात आलेले आकडे असे: त्यांना महिना 3,727 डॉलर, पुरुषांतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला 4,286 आणि सर्वांत जास्त पगाराच्या माणसाला 5,236. चिठ्ठी कुणी टाकली ते त्यांना कधीच कळलं नाही.

त्यांनी तक्रार केली, निवृत्त झाल्या, दावा लावला. 2003 साली ज्युरीने 30 लाखांहून अधिक डॉलर दिले. मघाशी सांगितलेल्या मर्यादेमुळे न्यायाधीशांनी ते 3,60,000 वर आणले. वरच्या न्यायालयाने तेही काढून घेतले. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पगार कमी ठरवल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी होती. चिठ्ठी मिळाली जवळजवळ वीस वर्षांनी, आणि मुदत 180 दिवसांची! न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत भर न्यायालयात वाचून दाखवलं आणि चेंडू काँग्रेसकडे टाकला. 29 जानेवारी 2009 रोजी बराक ओबामांनी अध्यक्ष म्हणून पहिल्या कायद्यावर सही केली, तो लेडबेटर यांच्या नावाचा. आता प्रत्येक कमी पगाराच्या चेकबरोबर मुदत नव्याने सुरू होते. लेडबेटर यांना त्यातून एक डॉलर मिळाला नाही, आणि पेन्शन आयुष्यभर त्या कमी पगाराच्या हिशेबानेच.

असंच 2020 च्या निकालाचं. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांना त्या कारणाने काढता येणार नाही, असा तो ऐतिहासिक निकाल. तीन दावे एकत्र ऐकले होते. डोनाल्ड झार्डा हे पॅराशूट-उडी शिकवणारे, 2010 मध्ये काढलेले. ते 2014 साली स्वित्झर्लंडमध्ये अपघातात गेले. मिशिगनच्या एमी स्टीफन्स निकालाच्या महिनाभर आधी गेल्या. तिघांतले फक्त जेरल्ड बोस्टॉक निकाल ऐकायला हयात होते.

तेव्हा दावा लावणं फायद्याचं का, याचं उत्तर कुणाच्या फायद्याचं हे विचारल्याखेरीज देता येत नाही. यादीतला प्रत्येक शब्द कुणीतरी हरून, नाहीतर मरून तिथे घातला आहे. पण ज्याच्या घराचा हप्ता थकला आहे त्याला मी मागाहून येणाऱ्यांसाठी लढ असं सांगणार नाही. ते त्याचं त्याने ठरवावं.

मग त्याला सांगायचं काय? पहिली गोष्ट: पगाराचा दावा आणि बडतर्फीचा दावा एका मापाने मोजू नका. राहिलेला पगार, ओव्हरटाइम, किमान वेतन यांचे दावे हिशेबाचे असतात. तिथे कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. 1938 च्या वेतन कायद्याप्रमाणे बुडालेल्या रकमेइतकीच आणखी रक्कम भरपाई म्हणून मिळू शकते आणि जिंकल्यास वकिलाची फी मालकाच्या अंगावर पडते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कामगार आयुक्ताकडे वकिलाविना अर्ज करता येतो. तिथे काढल्या दिवशीच सगळा पगार हातात द्यावा लागतो, उशीर केला तर 30 दिवसांपर्यंतच्या पगाराचा दंड. त्याचप्रमाणे शंभर किंवा अधिक माणसांच्या कंपनीने घाऊक कपात करताना 60 दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. दिली नाही तर तेवढ्या दिवसांचा पगार मागता येतो. अशा ठिकाणी पायरी चढावी, बिनदिक्कत चढावी.

दुसरी गोष्ट म्हणजे मघाचा नारळ. सेव्हरन्स द्यायची सक्ती नसताना कंपन्या दोन-चार महिन्यांचा पगार का देतात? त्या बदल्यात माणूस लिहून देतो की तुमच्यावर कसलाही दावा लावणार नाही. आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार. पण याचा अर्थ असाही होतो की न लावलेल्या दाव्याला किंमत आहे, आणि ती किंमत मालकाला आपल्याआधी कळलेली असते. माझं स्पष्ट मत असं की मर्जीच्या नोकरीत दाव्याला खरं मोल असलेला काळ म्हणजे नोकरी गेल्यापासून त्या कागदावर सही करेपर्यंतचा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वयाचा हक्क सोडून देण्याआधी विचारासाठी 21 दिवस द्यावेच लागतात, घाऊक कपात असेल तर 45, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. लुइझियानातल्या एका वीज कंपनीने आपल्या नोकर बाईंना 14 दिवसच दिले आणि ते सात दिवस दिलेच नाहीत. बाईंनी हप्त्याहप्त्याने 6,258 डॉलर घेतले आणि वर दावाही लावला. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला, पैसे परत न करता. चाळिशीच्या आतल्यांना हे दिवस फेडरल कायदा देत नाही, पण मागायला कुणाची बंदी नाही, आणि मागितले तर पुष्कळदा मिळतात.

आपल्या मुलांची अडचण याहून अवघड आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की 2017 पासूनच्या नियमाने त्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक शोधा, दर्जा बदला किंवा देश सोडा. दोन महिन्यांचा मुक्काम आणि चार वर्षांचा खटला यांचा मेळ कसा बसायचा? म्हणून तो भांडत नाही, आणि भांडणार नाही हे मालकाला माहीत असतं. तरी दोनतीन हक्क असे आहेत की ते बजावायला कोर्टही लागत नाही. काम नाही म्हणून ‘बेंच’वर बसवलेल्या दिवसांचाही पगार द्यावा लागतो, न दिल्यास वर्षाच्या आत अमेरिकेच्या श्रम खात्याकडे तक्रार करता येते. मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा असतो. तिकिटाचे पैसे मागायला आपल्या माणसाला संकोच वाटतो, हेही तितकंच खरं.

आणि एक खटला तर आपल्या घरातलाच आहे. 2020 साली कॅलिफोर्निया राज्याच्या, भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या खात्याने एका दलित अभियंत्याच्या वतीने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की भारतीयच वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली. 2023 मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग खात्याने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा ठेवला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर सही नाकारली. यादीत जात हा शब्द नाही. तो तिथे जायचा तर पुन्हा कुणाला तरी नाव उघडं करून उभं राहावं लागेल. खातं स्वतः वादी असलं म्हणजे निदान वकिलाच्या हिश्श्याचा प्रश्न येत नाही, एवढंच.

आपण भारतात यापेक्षा सुखी आहोत का? 1986 साली केंद्र सरकारच्या एका जलवाहतूक कंपनीच्या खटल्यात, तीन महिन्यांची नोटीस किंवा पगार देऊन कायम नोकराला विनाकारण काढण्याचं कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवलं. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती मादन यांनी, भिवंडीच्या दंगलींवरच्या आयोगामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले. 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागील पगारासह कामावर परत घेणं हा सर्वसाधारण नियम. अमेरिकन वकिलाला हे वाचून दाखवा, तो डोळे विस्फारेल. पण सरकारी कंपनीतल्या नोकराला आणि कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला जे मिळतं, ते हिंजवडीच्या खासगी कंपनीत ‘मॅनेजर’ असा हुद्दा चिकटवलेल्या माणसाला मिळत नाही. त्याच्या नेमणूकपत्रात एकदोन महिन्यांची नोटीस असते आणि फारतर तेवढ्याच पगाराची भरपाई. मर्जीची नोकरी पाहायला विमानात बसायची गरज नाही.

माझा निष्कर्ष सांगून थांबतो. हिशेबाचा दावा असेल तर लावावा. हेतूचा दावा असेल तर तो लावण्याआधी विकता येतो का पाहावं. आणि पैशासाठी नव्हे, गप्प बसवत नाही म्हणून लावायचा असेल, तर घरच्यांना चार-पाच वर्षांची कल्पना देऊन लावावा.

आणि तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना एक विनंती. तसा फोन आलाच तर त्याला परत ये किंवा धीर धर म्हणण्याआधी एवढं सांगा: आज कशावरही सही करू नकोस, काढल्याची तारीख लिहून ठेव, कारण भेदभावाची तक्रार समान संधी आयोगाकडे करायची मुदत राज्यागणिक 180 किंवा 300 दिवस असते, आणि नोकरांची बाजू घेणाऱ्या तिथल्या वकिलाचा एक तास विकत घे. त्यांतले बरेच जण पहिल्या भेटीची फी घेत नाहीत.